बारा सर्जन आणि टाक्यांचा दोरा

इस्पितळात टाके घालायचा नवा दोरा आला होता. त्याने जखम लवकर भरते का, हे ठरवायचं काम संख्याशास्त्रज्ञ बाईंकडे होतं. घाई होती. गुरुवारी त्यांच्या वडिलांच्या पोटाचं ऑपरेशन होतं आणि दोरा जुना वापरावा की नवा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

बाईंनी गणिती प्रारूप मांडलं. दोऱ्याचा परिणाम स्थिर, म्हणजे प्रत्येक दोऱ्याला स्वतःचा आकडा, कारण प्रश्न नेमका याच दोन दोऱ्यांचा. सर्जनांचा परिणाम यादृच्छिक, म्हणजे योगायोगाने वाट्याला आलेला, कारण इस्पितळातले हे बारा जण म्हणजे तमाम सर्जनांचा नमुना. यांच्या जागी दुसरे बारा असते तरी चाललं असतं.

हे शेवटचं वाक्य बैठकीत मोठ्याने वाचलं गेलं.

मुख्य सर्जनांचा चहा नाकात गेला. "माझ्या जागी कोणीही?"

"सर, ते फक्त गणितात..."

"यांच्या जागी कोणीही चालेल, ते मान्य," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "माझ्या नाही."

ठराव झाला: प्रत्येक सर्जनास स्वतःचा स्थिर परिणाम देण्यात यावा. 'यादृच्छिक' हा शब्द कर्मचाऱ्यांबाबत वापरू नये.

दुपारी सिस्टर आल्या. "टाके ते घालतात, पट्ट्या कोण बदलतं? आम्ही काय आभाळातून पडलो?"

त्यांनाही स्थिर केलं. मग तंत्रज्ञ आला. ऑपरेशनचं तीन नंबरचं टेबल डावीकडे कलतं, त्याचा स्वभावच निराळा. तेही स्थिर. शेवटी रुग्णांची संघटना आली: एकही रुग्ण दुसऱ्यासारखा नसतो! याला नाही कोण म्हणणार?

बाईंनी प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र परिणाम बहाल केला आणि कळ दाबली.

चूक: शून्य.

दोरा:

दोऱ्यापुढे संगणकाने काहीच छापलं नव्हतं. अमक्याची जखम का भरली? तर तो अमका होता म्हणून. तमक्याची का चिघळली? तो तमका होता म्हणून. दोऱ्याला काम उरलं नव्हतं.

"शून्य चूक!" मुख्य सर्जन उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बुधवारी संध्याकाळी बाबांनी खाटेवरून विचारलं, "काय गं, कुठला दोरा?"

"तुमच्यासारख्या इतर रुग्णांवरून सांगता आलं असतं, बाबा, पण..."

"माझ्यासारखे इतर?" बाबा ताडकन उठून बसले. "एक तरी दाखव!"

"नाही दाखवता येत. म्हणून उद्या नाणं उडवणार आहेत."

बाबा समाधानाने आडवे झाले.

या गोष्टीतून इतर वाचकांनी धडा घ्यावा. तुमची गोष्टच वेगळी आहे.