मामाची मुलाखत

रंभाजीमामाच्या गमती मी आयुष्यभर सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत सांगितल्या, कचेरीत सांगितल्या, नातवंडांना सांगितल्या. शेवटची तेवढी दर वेळी गाळली. लोक हसून दमले की मी थांबायचो. आता ती गोष्ट माहीत असलेलं दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून सगळीच सांगतो.

तर मामा. हा माणूस भरदिवसा आमच्या घराचं दार लावून घ्यायचा. आमच्या देवळाली प्रवऱ्यात दिवसा दार लावलं की त्या घरात काहीतरी वाईट घडलंय असंच लोक समजत. पहिल्या दिवशी शेजारच्या बायका डोक्यावर पदर घेऊन गोळा झाल्या आणि दबक्या आवाजात विचारू लागल्या, कोण गेलं. कोणी गेलं नव्हतं. आत आई पोत्यावर बसून डाळ निवडत होती आणि बाहेर मी वडिलांचे बूट घालून उभा होतो. दार वाजवून मला आईला विचारायचं होतं, "आत येऊ का, साहेब?"

साल एकाहत्तर. मी बी. कॉम. होऊन घरी बसलो होतो. नगरच्या एका कचेरीतून कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं आणि मला तयार करण्याचं काम मामानं अंगावर घेतलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावचा. माझ्या बारशाला म्हणून आला तो राहिलाच. लग्न झालं नाही, गावाकडंही कोणी उरलं नाही. वडील उसाला पाणी देऊन आले की त्याला जेवताना बघून म्हणायचे, "पाहुण्यांचं बारशाचं जेवण अजून चाललंय वाटतं." मामा सगळ्यांबरोबर हसायचा. पुढची भाकरी मात्र मागायचा नाही.

चौथी शिकलेल्या माणसाला मुलाखतीतलं काय कळणार, असं कोणी म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "लई सायेब बगितलेत मी." ते खरंही होतं. तरुणपणी जमिनीच्या कुठल्याशा कामासाठी तो मामलेदार कचेरीच्या ओट्यावर महिनोन्महिने बसून होता. माणसं आत कशी जातात आणि बाहेर कशी येतात हे त्यानं बारकाईनं पाहिलं होतं. मधे काय होतं ते त्याला कधी दिसलं नाही. त्यामुळे त्याच्या शिकवणीत आत जाणं होतं, बाहेर येणं होतं, मधलं काहीच नव्हतं.

आत जाताना उजवा पाय. बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही. साहेब काहीही म्हणाला तरी "बरं, साहेब." आणि निघताना पाठ दाखवायची नाही, उलट्या पावली यायचं. पाठ दिसली की साहेबाचं मन फिरतं, असं मामाचं म्हणणं. या उलट्या पावलांपायी मी एकदा ताकाच्या डेऱ्यावर बसलो. साहेब म्हणून आई अगदीच निरुपयोगी होती. मी आत आलो की ती म्हणायची, हातपाय धू, भाकरी खा. मामा कपाळाला हात लावायचा.

"आक्का, सायेब भाकरी खा म्हनत न्हाई. जरा तोंड वाकडं कर की."

प्रत्यक्षात साहेबांच्या खोलीला दारच नव्हतं, नुसता पडदा होता. पडदा कसा वाजवावा या विचारात मी असतानाच आतून "या, बसा" असा आवाज आला आणि निम्मी शिकवणी वाया गेली. काही जुजबी प्रश्न झाले. निघताना मात्र पाय सवयीनं उलटे पडले आणि मी चहा घेऊन येणाऱ्या शिपायावर आदळलो. साहेब पोट धरून हसले. पुढं यथावकाश नेमणूक आली. मामा गावभर सांगत फिरला, "पाठ दावली न्हाई त्यानं."

इथवरची गोष्ट मी नेहमी सांगतो.

नोकरीवर जायच्या आदल्या दुपारी घरी पुरणपोळी झाली. चुलते आले होते, शेजारचे होते. जेवणं उरकून सगळे सैलावले असताना मामा मला म्हणाला, "आता तू सायेब हो. एकदा मी येतो." तो उठून बाहेर गेला, पाय धुतले, टोपी झटकून नीट घातली आणि दार लावून घेतलं. मग दार वाजलं.

"आत येऊ का, साहेब?"

एरवी सायेब म्हणणारा मामा त्या दिवशी स्वच्छ साहेब म्हणाला. मी बसा म्हटल्यावर पोत्याच्या काठावर बसला. मी शिक्षण विचारलं. चौथी, म्हणाला. लोक हसायला लागले तसा मला चेव आला. सध्या काय काम करता, असं मी आवाज चढवून विचारलं.

मामानं टोपी पुन्हा सारखी केली. "भाच्याला तयार केलं, साहेब."

"ते तर झालं. मग आता तुमचा उपयोग काय?"

सगळ्यांत मोठ्यानं वडील हसले. आई हसली नाही. मामा उठला, "बरं, साहेब" म्हणाला आणि उलट्या पावली दारापर्यंत गेला. लोकांना वाटलं, नक्कल चाललीय. मलाही तसंच वाटलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण पाठ त्यानं दाखवली नव्हती. चेहरा माझ्याकडं होता आणि तो मला दिसत होता.

पहिल्या सुट्टीला मी नगरहून घरी आलो तेव्हा मामा घरात नव्हता. केडगावच्या एका लाकडाच्या वखारीवर राखणदार म्हणून राहिला होता. "त्याला कोन काय बोललं कुनाला म्हाईत," आई म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली.

केडगाव माझ्या खोलीपासून सायकलीनं फार लांब नव्हतं. तरी जायला मी दिवाळी तोंडावर येऊ दिली. मामानं मला पाहताच मालकाला हाक मारून सांगितलं, हा माझा भाचा, कचेरीत असतो. चहा मागवला. मी "मामा, त्या दिवशी" एवढं म्हणालो. त्यानं पुढं बोलू दिलं नाही.

"आरं, बहिनीच्याच घरात ऱ्हायचं आन् भाऊबीजेला तिच्याकडूनच ववाळून घ्यायचं. लाज वाटायची मला. भावानं कसं, गाडीनं यावं. आवंदा मी गाडीनं येनार हाय."

तो माझी सुटका करत होता हे मला कळलं. मी ती आनंदानं करून घेतली. चहा संपवून निघालो.

मग दर भाऊबीजेला मामा एसटीनं येऊ लागला. आईला खण आणायचा, पाहुण्यासारखा पाटावर बसायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. वडीलसुद्धा म्हणू लागले, आजचा दिवस राहा. पण वखार उघडी टाकता येत नाही म्हणून तो कधी राहिला नाही. स्टँडवर पोचवायला मी जायचो. दर वर्षी मनाशी ठरवून जायचो. गाडीची वाट बघताना तो उसाचं, मालकाच्या कुत्र्याचं, आईच्या गुडघ्यांचं बोलायचा आणि मी हं हं करायचो. गाडी आली की तो वर चढायचा आणि मी खिडकीतून त्याची पिशवी आत द्यायचो.

पिशवी देताना म्हणायचं होतं ते फार नव्हतं. मामा, मी ते लोकांना हसवायला बोललो, आणि बोलताना मला कळत होतं. चुकलो.