मोडकं आहे का काही?

"घरात मोडकं आहे का काही?" दुरुस्तीदादांनी उठल्याउठल्या विचारलं.

"तुम्ही सोडून? नाही," बायको म्हणाली आणि बॅगेत टॉवेल कोंबत राहिली.

दुरुस्तीदादा हे नाव त्यांच्या प्रेक्षकांनी ठेवलेलं. दर रविवारी दादा घरातलं काहीतरी उघडून दुरुस्त करायचे, त्याचा व्हिडिओ टाकायचे आणि हजारो लोक तो बघून आपापली घरं उघडून बसायचे. पण इतक्या वर्षांत घरातली प्रत्येक वस्तू कॅमेऱ्यासमोर एकदा तरी पोट उघडून गेली होती. मिक्सर तर तीनदा. आता काही म्हणून बिघडायला तयार नव्हतं. शेजारीपाजारी काही बिघडलं तरी दादांना सुगावा लागू देत नसत, कारण दादांकडे दिलेला पंखा परत यायला व्हिडिओचे दोन भाग लागायचे.

खरं सांगायचं तर बिघाड दादांमध्येच झाला होता. पूर्वी स्क्रू हातात आला की त्यांच्या तोंडून आपोआप शीळ निघायची. आता नुसता कॅमेरा दिसला तरी ते तोंड फिरवायचे. तीन रविवार कोरडे गेले होते. "दादा, आजारी आहात का?" असं लोक विचारत होते. शेवटी बायकोने फर्मान काढलं: तीन दिवस डोंगरावर जायचं, तेही कॅमेऱ्याशिवाय. हाच बेत आधी दोनदा व्हिडिओपायी बारगळला होता.

"या वेळी गाडी आली की मी बसणार," ती म्हणाली. "तुम्ही तयार असलात तर तुमच्यासकट."

"एकच व्हिडिओ करून ठेवतो गं. रविवारची सोय होईल, मग मी सुटलो."

आणि मोडकं काहीच नसल्यामुळे दादांनी आजवर कधी न केलेलं पाप केलं. बाथरूमच्या दाराचं चांगलं धडधाकट कुलूप त्यांनी गुपचूप खिळखिळं करून ठेवलं. अवजारांची पेटी जेवणाच्या टेबलावर देखणी मांडली. मग कुलूप आतून कसं दिसतं हे दाखवायला कॅमेरा आणि स्टँड घेऊन ते बाथरूममध्ये शिरले आणि सवयीने दार लावून घेतलं.

खट्ट. दाराची मूठ त्यांच्या हातात आली.

"अगं," थोड्या वेळाने आतून बारीक आवाज आला, "जरा पेटी आणतेस?"

"आणते. दार उघडा."

"तेवढंच सोडून बोल."

बायकोने बाहेरची मूठ फिरवून बघितली. ती गरागरा फिरली, दार जागचं हललं नाही. आवाज ऐकून सासूबाई, म्हणजे बायकोची आई, हातातला चहाचा कप सांभाळत आल्या. परिस्थिती समजल्यावर त्यांनी आधी एक घोट घेतला.

"जावईबापू, अडकलेल्या कुलपावर तुमचाच एक व्हिडिओ आहे की! लावू का?"

दादांना लाज वाटली, पण दुसरा उपाय नव्हता. "लावा."

"नमस्कार मंडळी!" दाराबाहेर सासूबाईंच्या फोनमधून चार वर्षांपूर्वीचे दुरुस्तीदादा गरजले. "बिघडलंय? बिघडू दे!"

मग संगीत वाजलं. मग त्या दादांनी मंडळींना कसे आहात विचारलं. मग कुलपाचा शोध कसा लागला असेल याबद्दल स्वतःचे विचार मांडले.

"पुढे ढकला!" आतले दादा ओरडले.

"थांबा हो, रंगात आलंय," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, गाडी येणार आहे! हा माणूस मुद्द्यावर कधी येतो?"

"हेच मी चार वर्षं विचारतेय," बायको म्हणाली.

दादा बादली पालथी घालून तिच्यावर बसले. ऐकता ऐकता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली आणि त्यांना चक्क भरून आलं. बाहेरचा तो बडबड्या माणूस प्रचंड खूश होता. एका साध्या कुलपासाठी इतका खूश!

सासूबाई व्हिडिओखालचा मजकूर वाचू लागल्या होत्या. "'खूप छान माहिती.' 'आवाज कमी येतोय.' आणि हे ऐका, 'दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. आता आत अडकलोय. पुढे काय करू?'"

आतले दादा बादलीवरून उठले.

"मग? सुटला का तो?"

"काय माहीत! तुम्ही उत्तरच नाही दिलेलं."

"कधीचं आहे?"

"चार वर्षांपूर्वीचं."

दादांचा जीव कासावीस झाला. "आई, लिहा त्याला. म्हणावं, सुटलात का? आत्ता लिहा!"

सासूबाई एका बोटाने लिहायला बसल्या. तेवढ्यात व्हिडिओतले दादा एकदाचे मुद्द्यावर आले. "कुलपाशी भांडू नका मंडळी! बिजागऱ्यांकडे बघा! खीळ खालून वर ठोकली की ती मुकाट्याने बाहेर येते!"

"बिजागऱ्या!" आतल्या दादांनी कपाळावर हात मारला. त्या त्यांच्या नाकासमोरच होत्या. कॅमेरा त्यांनी साबणाच्या ताटलीत ठेवला, तो बिचारा भिंतीकडे बघत बसला. खिशातली घराची किल्ली खिळीखाली धरून ते स्टँडच्या पायाने ठोकू लागले. ठक, ठक. आणि बायकोने कान टवकारले. आतून शीळ ऐकू येत होती.

शेवटची खीळ निघाली, दार दादांच्या अंगावर आलं आणि त्यांनी ते मिठी मारून धरलं. त्याच क्षणी खाली गाडीचा हॉर्न वाजला.

दार भिंतीला टेकवून दादा त्याच्याकडे बघत राहिले. कितीतरी महिन्यांनी घरात खरोखरीचं मोडकं काहीतरी होतं.

"दोन भाग होतील," ते पुटपुटले. "बसवणं धरलं तर तीन."

बायकोने बॅग उचलली.

"तुम्ही जाल डोंगरावर," सासूबाई म्हणाल्या, "आणि मी तीन दिवस अंघोळ काय गच्चीवर करू?"

इतक्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. चार वर्षांनी उत्तर आलं होतं. सासूबाईंनी मोठ्याने वाचलं: "सुटलो दादा, त्याच दिवशी. दार काढून टाकलं, पडदा लावला. आजतागायत मजेत आहोत. आत कुणी असलं की गाणं म्हणतो, म्हणजे बाहेरच्याला कळतं."

दादा आधी गालात हसले, मग पोट धरून हसत खाली बसले. हसून झाल्यावर त्यांनी बेडरूमचा फुलाफुलांचा पडदा काढला, बाथरूमच्या चौकटीत टांगला, बायकोच्या हातातली बॅग घेतली आणि तिच्या आधी गाडीत जाऊन बसले. कॅमेरा साबणाच्या ताटलीतच राहिला. रविवार कोरडाच गेला.

तीन दिवसांनी दादा उन्हाने रापून, शीळ घालत घरी आले. बूटही न काढता त्यांनी पेटी उघडली. हात नुसते शिवशिवत होते. पडद्याआडून पाण्याचा आणि सासूबाईंच्या खणखणीत गाण्याचा आवाज येत होता.

"आई, तुमचं झालं की दार बसवून टाकतो. व्हिडिओ नाही, काही नाही. नुसतं बसवतो."

गाणं थांबलं.

"खबरदार दाराला हात लावलात तर! जन्मभर बंद दाराआड मुकाट्याने अंघोळ केली. आता कुठे गळा मोकळा होतोय."

गाणं पुन्हा सुरू झालं, या वेळी वरच्या पट्टीत. दादांनी बायकोकडे बघितलं. बायकोने खांदे उडवले. घरातली एकमेव मोडकी वस्तू, आणि तीही दुरुस्त करायची चोरी!

दादांनी पेटी बंद केली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि पडद्याबाहेर उभं राहून घसा साफ करून बघितला.