गिळायची नाही

नाना दारू थुंकायचे. घोटभर तोंडात घ्यायची, जिभेवर इकडून तिकडे फिरवायची, डोळे मिटून चव घ्यायची आणि पचकन बाजूला टाकायची. थेंब घशाखाली जाऊ द्यायचा नाही. आमच्यापैकी कुणी चुकून गिळलीच, तर नाना असे पेटायचे, की मोहाच्या भट्टीला वेगळा जाळ नको.

"गिळायची नाही. गिळायला गटार असतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

धुळ्याला आमच्या कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत नाना हेडक्लार्क होते. सदा तापलेले. चहा आला की आधी हुंगणार आणि दूध कालचं आहे म्हणून चहावाल्याला झापणार. एका लग्नात नवरदेवाच्या कानातला अत्तराचा फाया हुंगून, हे तर रॉकेल आहे, असं भर पंगतीत म्हणाले. आम्हाला जेवण अर्ध्यावर टाकून निघावं लागलं. त्या जिलबीबद्दल मी नानांना अजून माफ केलेलं नाही.

अशा माणसाला दरवर्षी होळीआधी सहलीची हुक्की यायची. दिवस दारूबंदीचे. शिरपूरपर्यंत एसटी, पुढे मिळाली तर बैलगाडी, आणि मग सातपुड्याच्या पायथ्याला, मोहाची दारू गाळणाऱ्या रेहज्या पावराच्या पाड्यापर्यंत पायपीट. कचेरीतल्या तरण्या पोरांनी यायचंच. जो नाही म्हणेल त्याचा रजेचा अर्ज नानांच्या टेबलावरच वाळत पडायचा. म्हणजे आम्ही पोलिसांची भीती बाळगून, पायांचे तुकडे पडेस्तोवर चालून दारूपर्यंत पोचायचं आणि तिथे चूळ भरून परत यायचं. मला तर भयंकर संताप यायचा.

पाड्यावर मात्र मजा असायची. होळीसाठी ढोल शेकून तयार होत असायचे. रेहज्याची बायको गरम भाकरी आणि उडदाची आमटी वाढायची. मडक्याला लावलेल्या वेळूच्या नळीतून दारूची धार पडायची. रेहज्या पहिले थेंब जमिनीवर, गेलेल्या माणसांच्या नावानं सोडायचा आणि मग पळसाचा द्रोण आमच्या हातात द्यायचा. लगेच नानांची तोंडी परीक्षा सुरू व्हायची.

"काय वास येतो?"

मोहाचा, असं मी सांगितलं. तो तर येणारच, अजून काय, असं त्यांनी विचारलं. धुराचा, म्हटलं. अजून? अजून फक्त तहान लागलीय नाना, असं म्हणालो आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या शिव्या खाल्ल्या.

एकदा रेहज्याच चिडला. पाहुणा माझ्या अंगणात थुंकतो, मग येतो कशाला, असं त्यानं तोंडावर विचारलं. आता नाना डोंगर डोक्यावर घेणार म्हणून आम्ही चपला शोधायला लागलो. पण नानांनी हात जोडले, आणि पुढच्या वेळेपासून कुंपणाबाहेर जाऊन थुंकू लागले. मला ते फार चमत्कारिक वाटलं.

एका वर्षी देवरे नावाचा नवा कारकून आमच्याबरोबर होता. नुकतं लग्न झालेला, हसरा. दिवसभर नुसतं थुंकून तो वैतागला होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. परतताना शिरपूरच्या स्टँडवर तो टपरीच्या मागे गेला आणि शर्टाखाली बाटली लपवून आला. नानांनी ती खेचली, बूच काढून हुंगली आणि दगडावर आपटली.

देवरेनं त्यांची कॉलर धरली. साहेब असाल कचेरीत, म्हणाला, इथे तुमचा काय संबंध? म्हातारा स्वतः पीत नाही, दुसऱ्याला पिऊ देत नाही. मनातून मी देवरेच्याच बाजूचा होतो. नाना ओरडतील म्हणून सगळे थांबले होते. नाना ओरडले नाहीत. कचेरीत शुद्ध बोलणारा हा माणूस एकदम घरच्या अहिराणीत बोलला.

"मन्हा सुरेशले मी काही शिकाडं नही. नुसतं मारं."

नानांचा एकुलता मुलगा सुरेश तापानं गेला, एवढंच कचेरीत माहीत होतं. खरं तर तो मित्राच्या लग्नात अशीच चोरून आणलेली बाटली प्यायला होता. सकाळी त्याला दिसेनासं झालं, आणि दुपारी तो गेला. घरात दारूचं नाव काढलं तरी बापाचा मार होता, म्हणून त्यानं अंधारात, घाईघाईनं, सगळी एका दमात गिळली होती. हे नानांनी तिथेच, फुटक्या काचांकडे बघत सांगितलं. वास घेऊन दारूतलं विष ओळखता येतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मला वाटतं, नानांनाही ठाऊक नव्हतं.

देवरेनं कॉलर सोडली. एसटी आली. नाना खिडकीवरून कंडक्टरशी भांडले, बिडी ओढणाऱ्या एका शेटजींना झापलं, ड्रायव्हरचा उद्धार केला. हे सगळं त्यांनी एकाच हातानं केलं. दुसऱ्या हातात देवरेचं मनगट होतं, जत्रेत पोराचं धरतात तसं. धुळं येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही, आणि देवरेनंही सोडवून घेतलं नाही.