कागदाले विचारा

आमच्या धाड गावचे दिगंबरभाऊजी लेखकांची हातची पत्रं जमवतात, पण मजकुराकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पत्र उन्हात धरतील, वास घेतील, पाठीमागून बोट फिरवून पेन किती दाबलं ते बघतील, घड्या मोजतील. आत काय लिहिलंय विचारलं की म्हणतात, "माणूस खोटं लिहिते वहिनी. कागदाले विचारा." एकदा एका तेलकट डागावरून लेखकाने भजे खाल्ले की वडा, यावर त्यांनी माझा अख्खा चहा थंड केला.

बुलढाण्याच्या एका कॉलेजात या पत्रांचं प्रदर्शन ठरलं. पत्रं पारखायला तिथल्या एक मॅडम येणार कळलं, अन् मला घास गोड लागेना. आता तुम्हाला खरं सांगते. तरुणपणी भाऊजींनी पुण्याच्या एका मोठ्या लेखकाला पत्र धाडलं होतं. उत्तर येईना. रोज पोस्टमनच्या वाटेवर उभे, जेवणात लक्ष नाही. त्यांची बायको शांता माझी मैत्रीण. तिने अक्षर बदलून स्वतःच उत्तर लिहिलं, खाली लेखकाचं नाव. मी पुण्याला भावाकडे गेले तेव्हा तिथल्या पोस्टाच्या पेटीत टाकलं. म्हणजे निम्मं पाप माझं. शांता जाऊन सहा वर्षं झाली. ते पत्र अजून गठ्ठ्यात सगळ्यांत वर.

भाऊजींच्या घरी आल्या आल्या मॅडमनी नेमकं तेच उचललं, भिंग लावलं. मी उगाच तीनदा पोह्यांचं विचारलं.

"काका, शाई सगळीकडे उजवीकडे फरफटलीय. लिहिताना हात ओल्या अक्षरांवरून गेलाय. हा माणूस डावखुरा. पण हे लेखक तर..."

शांता सासूच्या धाकाने पोळ्या उजव्या हाताने लाटायची, लिहायची मात्र डाव्याच.

भाऊजींनी पत्र अलगद काढून घेतलं. म्हणाले, हे द्यायचं नाही, चुकून आलं.

मॅडम बाकीची पत्रं घेऊन गेल्या. मी म्हटलं, भाऊजी, माझं चुकलं.

"तुमचं काऊन चुकन? मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मग तिले बोलले काऊन नाही?"

ते पत्राची घडी बोटाने सारखी करत राहिले.

"एवढ्या जिवाने लिहिलं तिनं. एकच पत्र रोज हाती घेतलं असतं, तर तिले शक आला असता. म्हणून बाकीची जमवली."