नारिंगी बापाचा शोध

"बाप कोण, ते मी पाच मिनिटांत सिद्ध करतो!" सरांनी खिशातून खडू काढत जाहीर केलं. नोकरी संपली तरी जीवशास्त्राच्या सरांच्या खिशातला खडू काही संपला नव्हता.

प्रकरण गंभीर होतं. बाईंची, म्हणजे सरांच्या पत्नीची, लाडकी काळीभोर मांजर राणी सरांच्याच आरामखुर्चीत व्याली होती. तीन पिल्लं! तेव्हापासून सर स्टुलावर बसून पेपर वाचत होते आणि त्यांची कंबर रोज नवं गाऱ्हाणं मांडत होती. बाई राणीला दाराबाहेर पाऊल टाकू देत नसत. मग बोका घरात शिरला कसा? आधीच दूध रोज कमी भरतं म्हणून त्या दूधवाल्यावर खवळलेल्या, त्यात हे! त्यांनी फर्मान काढलं, "ज्याचा बोका, त्यानेच पिल्लं सांभाळायची. तो सापडेपर्यंत राणी खुर्चीतून हलणार नाही!"

खुर्ची हवी तर बोका हवा. सरांनी खालच्या मजल्यावरच्या टेलरमामांना बोलावणं धाडलं. मामा आले ते आपला नारिंगी बोका काखेत मारूनच. त्याचं नाव शेठ. दिवसभर इस्त्रीच्या टेबलावर लोळणं हाच त्याचा धंदा होता.

"नीट बघा, मामा," सरांनी फरशीवर खडूने दोन फुल्या काढल्या. "काळा आणि नारिंगी, हा रंग 'एक्स' गुणसूत्रावरून येतो. मांजरीला दोन एक्स. एक आईचा, एक बापाचा. आता हे पिल्लू, मुलगी आहे. अंगावर काळे आणि नारिंगी डाग. काळा दिला काळ्या आईने. मग नारिंगी कुणी दिला?"

"दूधवाल्याने?" बाई म्हणाल्या.

"बापाने! बाप नारिंगीच!"

"आणि ही दोन काळी?" मामांनी विचारलं.

"ते बोके. बोक्याला एक्स एकच, तोही आईकडून. बापाचा हा रंग मुलग्यांना मिळतच नाही!"

"आमच्या घरीही तेच. पोरं सगळी बायकोवर गेलीत," मामा उसासा टाकत म्हणाले.

"तेव्हा मामा, पिल्लं उचला!"

मामा हसले. "सर, शेठचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. तो आता कुणाचा बाप व्हायचा?"

सरांनी खडू गुपचूप खिशात टाकला.

"म्हणजे नारिंगी बोका दुसराच कुणीतरी," बाईंनी हिशेब पुरा केला. "शोधा त्याला!"

"तसं नव्हे," सर घाईघाईने फरशीवरच्या फुल्या पुसू लागले, "विज्ञानात अपवाद असतात. कधी कधी काळ्या बोक्यापासूनसुद्धा..."

"आत्ता तर छातीठोकपणे म्हणालात, बाप नारिंगीच!"

तेवढ्यात गॅलरीच्या कठड्यावर धप्पकन काहीतरी पडलं. एक धिप्पाड, अर्धा कान तुटलेला, नारिंगी बोका ऐटीत आत आला. त्याने बाईंकडे पाहिलंही नाही. थेट सरांच्या पायाला अंग घासलं आणि गॅलरीच्या कोपऱ्यातली सरांची दाढीची जुनी वाटी पंजाने ढकलत त्यांच्यापर्यंत आणली. वाटीला दुधाचा ओघळ होता.

बाईंनी वाटी उचलून हुंगली.

"अहो," बाई फार हळू बोलल्या, आणि त्या हळू बोलल्या की सरांना घाम फुटायचा. "दूधवाला बिचारा प्रामाणिकच होता तर?"

"बाहेर गारठ्यात कुडकुडत होता गं! एवढंसं दूध... आणि दार मी लगेच लावायचो. बहुतेक वेळा."

मामा शेठला घेऊन उठले. दारात थांबून त्यांनी हात जोडले. "अभिनंदन, आजोबा! काही टोपडीबिपडी शिवायची असतील तर सांगा."

त्या संध्याकाळी आरामखुर्चीत राणी होती, तिन्ही पिल्लं होती आणि पायाशी बाळांचे वडीलही होते. सर स्टुलावर बसून कंबर चोळत होते. सिद्धान्ताला मात्र कुणी बोट लावू शकलं नव्हतं, हे त्यांनी बाईंना दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा बाईंनी त्यांच्या हातात दुधाचं पातेलं आणि पाच वाट्या ठेवल्या.