मगदूमसाहेबांचा निनावी नमुना

मगदूमसाहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, चमचा असतो. सही करायची वेळ आली की ते माझं पेन मागतात. चाखायची वेळ आली की मात्र कुणाचा चमचा घेत नाहीत. "दुसऱ्याच्या चमच्याला दुसऱ्याची चव असती, मास्तर," म्हणतात. मी मास्तर नाही. कोल्हापूरजवळच्या एका मसाल्याच्या कारखान्यात पाकिटांवरचा मजकूर लिहितो. जेवताना पुस्तक वाचतो, म्हणून मास्तर. साहेब तिथं नवे पदार्थ काढणाऱ्या विभागाचे मॅनेजर आहेत.

लग्नात अक्षता टाकून ते थेट आचाऱ्याकडं जातात. जोतिबाला गेले तर देवाआधी पेढेवाल्याला गाठतात. "काय पावणं, खवा बदलला न्हवं?" तो बिचारा शपथा घेतो.

एकदा त्यांनी तांबड्या रश्श्याची चघळायची गोळी काढली. "एसटीत बसल्याला माणूस काय वरपणार?" साहेब जैन, रस्सा त्यांनी जन्मात चाखलेला नाही. आम्हाला चाखायला देऊन, आमच्या तोंडांकडं बघून गोळी बनवली.

"कशी हाय?"

"चांगली आहे."

"चांगली म्हंजे? जिभंला लागती का कानाला?"

मालकांनी गोळी तोंडात टाकली, तांब्याभर पाणी प्याले आणि डोळे पुसत निघून गेले. साहेब खूश. "पाणी मागितलं म्हंजे चव पोचली की!"

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. तेराव्याच्या पंगतीत सगळे खाली मान घालून जेवत होते. साहेबांनी चमचा काढला, आमटी चाखली आणि आचाऱ्याला हाक मारली, "चिंच इसरला व्हय रं?" माझे मेहुणे संतापले. त्या दिवसांत किती जण किती काय बोलून गेले. मला आठवतं ते एवढंच वाक्य.

कामावर जाऊ लागलो, पण माझी दुपार चहा-बिस्किटावर निघायची. पँट पट्ट्याच्या भरवशावर होती. एके दिवशी साहेबांनी माझ्यापुढं वाटीभर आमटी आणि दोन भाकऱ्या ठेवल्या. वाटीवर आकड्याची चिठ्ठी.

"चाचणी हाय. निनावी नमुना. नाव-गाव इचारायचं न्हाय. आन् सगळं संपवल्याबिगर मत धरत न्हाय."

"भाकऱ्या कशाला?"

"गिऱ्हाईक काय नुसती आमटी पिणार हाय? ते खाईल तसंच खायचं."

मला हे शास्त्रीय वाटलं. मग रोज नवा आकडा. कधी पिठलं, कधी वांगं. रोज उलटतपासणी. उत्तर द्यायचं म्हणून मी घास तोंडात जरा थांबवू लागलो.

पुढं वाटलं, माल बाजारात यायचा तर मजकूर लिहायला घ्यावा. घटक विचारायला प्रयोगशाळेत शबानाताईंकडं गेलो.

"कसली आमटी?" त्या म्हणाल्या. "दिवाळीपास्नं हितं लोणच्याबिगर काय झालं न्हाय. सायेब घरनं आणत्यात डब्यातनं. वैनी पुण्याला लेकाकडं असत्यात, तवा पहाटं उठून स्वतःच करत्यात. हितं वाटीत वतायचं आन् चिठ्ठी डकवायची." मग हसून म्हणाल्या, "भाकरी मीच शिकवली. पयली भाकरी आमच्या कुत्र्यानं हुंगून सोडली."

मी जागेवर येऊन बसलो. त्या दिवशी एकही ओळ लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी वाटी आली. मी घास मोडतोय तोच मालक दारात.

"मगदूम, हा कसला नमुना? मला कुणी सांगितलं नाही ते?"

साहेबांचे कान लाल झाले. खिशातला चमचा काढून ते पुसू लागले.

"माझ्यामुळं अडलंय, मालक," मी म्हणालो. "माझं मत अजून ठरत नाही. वेळ लागेल."

"बरं, उरका लवकर," म्हणून मालक गेले.

साहेब खिडकीबाहेर बघत उभे राहिले. घरी रात्री ते कुणाबरोबर जेवत असतील, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"साहेब, एकट्याच्या मतावर किती दिवस काढायचे?" मी म्हणालो आणि वाटी टेबलाच्या मध्ये सरकवली.

त्यांनी खुर्ची ओढली. अर्धी भाकरी मोडून घेतली, आणि आम्ही जेवलो.