डोमाजीभाऊंचं कोपर आणि साहेबाचा टब

डोमाजीभाऊ गरम वस्तूला बोट लावत नाहीत, कोपर लावतात. चहाच्या कपाला कोपर, तापलेल्या नातवाच्या कपाळाला कोपर. मागे गल्लीतल्या एका लग्नात आचाऱ्याने वरणाचं पातेलं चुलीवरून उतरवलं, तर हे शर्टाची बाही वर करून तयारच. आचाऱ्याने झारा उगारला म्हणून वरण वाचलं. "बोट खोटं बोलते शेठ," ते मला समजावून सांगतात. "त्याले चटक्याची सवय झाली असते. कोपर कोनाचं आयकत नाई."

मी शेठबिठ काही नाही. चामोर्शीत माझं नळ, पाइप, टाइल्सचं दुकान आहे आणि डोमाजीभाऊ समोरच्या गल्लीत राहतात. त्यांनी तीस वर्षं जंगलातल्या एका विश्रामगृहावर खानसाम्याचं काम केलं. तिथे इंग्रजांच्या काळातला बिडाचा टब होता. साहेब लोक जंगल फिरून धुळीने माखून यायचे, तोवर टब भरलेला असायचा. डोमाजीभाऊ त्यात कोपर बुडवायचे, बाही खाली करायचे, दाराशी ताठ उभे राहायचे आणि म्हणायचे, "साहेब, पानी तयार हाय." हे वाक्य ते अजूनही अशा काही थाटात म्हणतात की ऐकणाऱ्याने निमूट उठून टॉवेल शोधावा.

पुढे विश्रामगृहात शॉवर आले आणि टब बाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन पडला. निवृत्त झाल्यावर लोक घरी शाल-नारळ नेतात, डोमाजीभाऊंनी ट्रॅक्टर लावून टब नेला. पाच वर्षं तो त्यांच्या अंगणात होता. त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, त्यात कधी मोहफुलं वाळवली, कधी कोंबडी उबवायला बसवली. टबाला पायांच्या जागी वाघाचे चार पंजे आहेत, त्यामुळे कोंबडी मोठ्या रुबाबात बसलेली असायची.

यंदा मुलाने मनावर घेतलं. तो घुग्घुसला सिमेंट कारखान्यात आहे. आईचे गुडघे गेले आणि अजून ती अंगणात तट्ट्याआड दगडावर बसून आंघोळ करते, हे त्याला बघवेना. घराला लागून पक्कं बाथरूम बांधायला काढलं. शॉवर, गिझर, बसायला प्लास्टिकची खुर्ची, असा त्याचा साधा हिशोब. डोमाजीभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टब बसन."

मुलाचा मला फोन आला. "काका, बाबाले तुमीच समजवा. तो टब बुडातून गळून राह्यला. सोमवारी मिस्त्री फरशी बसवते. तोपर्यंत गळाचा थांबला त ठेवा, नाई त भंगारात द्या."

झालं! त्या दिवसापासून माझ्या दुकानाची बोहनी डोमाजीभाऊंच्या हस्ते होऊ लागली. मी म्हटलं, जुनंच पाहिजे कशाला, नवीन फायबरचा टब मागवून देतो, हलका, चकचकीत. नमुन्याचा तुकडा हातात दिला. त्यांनी त्यावर टिचकी मारली, कान लावला, कोपर लावलं आणि परत दिला. "हा वाजत नाई," म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला आंघोळ करायची आहे की कीर्तन? त्यावर ते हसले नाहीत. डोमाजीभाऊ टबाच्या बाबतीत हसत नाहीत.

मी तळाच्या भोकाला नवी कपलिंग बसवून दिली, नवं रबरी बूच दिलं. तरी गळती चालूच. मी सांगितलं, "टब पाण्याने भरा आणि खाली वाकून बघा, कुठे थेंब दिसतो ते." इतकं सोपं काम. पण बाप्पा, सोपं काम करतील तर डोमाजीभाऊ कसले! त्यांनी जाऊन कवडूभाऊंना बोलावून आणलं. कवडूभाऊंचा जन्म वैनगंगेवर होड्या-डोंगे दुरुस्त करण्यात गेला. त्यांनी टबाला दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"डोंगा का कोनी पान्यानं भरून पाह्यते? पान्यात सोडा. भोक सोता होऊन सांगते, मी इथी हाय म्हनून."

रविवारी सकाळी टब बंडीवर चढला आणि तलावावर गेला. सहा माणसांनी तो पाण्यात सोडला. आत बसून नजर कोण ठेवणार, असा प्रश्न आला तेव्हा डोमाजीभाऊ कोणाला विचारण्याआधीच धोतर खोचून आत बसले होते. मला वाटलं, हा आता दगडासारखा तळाला जातो. पण खरं सांगतो, तो टब तरंगला! अर्धा गाव काठावर जमला. बायका धुणं टाकून उभ्या राहिल्या. वारा सुटला आणि टब हळूहळू शिंगाड्याच्या वेलांकडे निघाला.

"पानी कुठून येऊन राह्यलं?" कवडूभाऊ काठावरून ओरडले.

"येऊन नाई राह्यलं!"

"मंग तुमी काऊन चालले?"

डोमाजीभाऊ दोन्ही हातांनी काठ धरून, समोर बघत, इन्स्पेक्शनला निघालेल्या मोठ्या साहेबासारखे शिंगाड्यात शिरले. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला, "आलं! पुढच्या पंजाजवळून आलं!" मग जरा थांबून, "थंड हाय!" सवयीने कोपर बुडवलं असणार.

कवडूभाऊ पोहत गेले आणि त्यांना टबासकट ओढत घेऊन आले. पंज्याजवळ केसाएवढी भेग होती. कवडूभाऊंनी ती बाहेरून कापूस आणि डांबर भरून बंद केली. गरम पाण्यापुढे डांबर टिकत नाही, म्हणून नंतर ते खरवडून मी इपॉक्सी भरली. कवडूभाऊंना हे अजून सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी इपॉक्सी घोटता घोटता माझं डोकं सरकलं. सुटीचा दिवस गेला होता, कपडे चिखलात गेले होते. मी म्हटलं, "भाऊ, एक सांगा. तीस वर्षांत तुम्ही स्वतः या टबात एकदा तरी आंघोळ केली?"

"नाई."

"आता करणार?"

"मले काय कराचं हाय? मी नळाखाली बसतो."

"मग हा एवढा उपद्व्याप कोणासाठी?"

ते टबाच्या काठावरून हात फिरवत राहिले. "पानी शांता आनत होती शेठ," ते म्हणाले. "विहीर खाली उतारावर होती. डोईवर पान्याचे दोन-दोन गुंड घेऊन चढे. तापवेही तीच. मी फकस्त कोपर बुडवलो. साहेब म्हनत, डोमाजी, क्या पानी है! मी सलाम ठोकत होतो."

मी हातातलं काम थांबवलं.

"नवी नवरी होती तवाची गोष्ट. टब घासता घासता म्हने, एकदा आत बसून पाहू का जी? बंगल्यात कोनी नोतं. पाखरू नोतं. तरी मी खेकसलो तिच्यावर. साहेबाच्या टबात आपन बसाचं नसते, म्हनलो. तिनं पुन्हा कई इचारलं नाई." आणि मग इतक्या हळू म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं, "गुडघे तिचे त्या उतारावरच गेले."

मला माझी लाज वाटली. अर्ध्या चामोर्शीला मीच सांगत सुटलो होतो, की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

सोमवारी टब गळला नाही. पण त्याचा काठ उंच. शांताबाईंना पाय उचलून आत जाणं शक्य नव्हतं. मग मी आणि मिस्त्रीने जमीन खोदून टब खाली बसवला. काठ खाटेएवढा आला. त्यावर बसायचं, पाय आत फिरवायचे, भिंतीला धरायला दांडी. वाघाचे पंजे जमिनीत गेले, त्यावर माती लोटायला डोमाजीभाऊच पुढे होते. गिझरची जोडणी मी स्वतःच्या हाताने केली.

फरशी वाळल्यावर त्यांनी मला बोलावलं, मोरीचं पाणी नीट जातं का बघायला. गेलो तर गिझर बंद आणि अंगणात चूल पेटलेली. डोमाजीभाऊ घामाने भिजून बकेट वाहत होते. मी म्हटलं, "अहो, तो गिझर काय शोभेला लावला?"

"उद्यापासून," ते म्हणाले.

शांताबाई ओसरीवर टॉवेल धरून बसल्या होत्या आणि माझ्याकडे तक्रार करत होत्या, "पाहा ना भाऊ, या वयात काय सोंग लावलं यायनं!" पण डोक्याला तेल लावलेलं होतं आणि वेणी सोडलेली होती.

डोमाजीभाऊंनी टबात कोपर बुडवलं. बराच वेळ ठेवलं. मग बाही खाली केली, बटण लावलं, दाराशी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "बाईसाहेब, पानी तयार हाय."

शांताबाई उठल्या. दांडी धरत आत गेल्या, दार लागलं. डोमाजीभाऊ दाराकडे पाठ करून उभे होते आणि श्वाससुद्धा जपून घेत होते.

मग आतून आवाज आला, "आयकलं का जी? थंड वाटून राह्यलं. आनखी एक बकेट आना."

पाणी थंड नव्हतं. दाराच्या फटीतून वाफ येताना मला दिसत होती. डोमाजीभाऊंनाही दिसत होती. तीस वर्षांत त्यांच्या कोपराला कोणी खोटं ठरवलं नव्हतं, पण ते "आनतो, आनतो बाई" म्हणत बकेट घेऊन चुलीकडे पळत सुटले.